टॉवेलच्या कंटेनरमध्ये युरेनियम शोधतात ते कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचा कारखाना असलेल्या एका उद्योजकांचा चाळीस फुटी कंटेनर बंदरावर आधी दोन उंच खांबांमधून गेला, मग एक्स-रे स्कॅनरखाली गेला, आणि एवढं होऊनही शेवटी उघडला. टॉवेलसोबत ग्राहकाने मागवलेले, दुकानात माल मांडायचे लोखंडी स्टँडही आत होते. एजंट म्हणाला, 'अणुबॉम्बचं सामान शोधतात.' त्यांचं विचारणं असं की कापसात असं काय शोधतात, एवढी यंत्रं असताना कंटेनर उघडावा का लागतो, आणि एक्स-रेने माल खराब होतो का. शिवाय त्यांची मुलगी बीएस्सीला फिजिक्स घेऊन शिकते आहे, तिला या कामात जाता येईल का, हेही त्यांना हवं आहे.

मी मूळचा सोलापूरचाच. २६ वर्षं त्वरकांवर, म्हणजे ॲक्सिलरेटरवर, काम केलं. आधी कॅन्सर रुग्णालयांत, नंतर कंटेनर स्कॅनर उभे करण्यात आणि त्यांची किरणसुरक्षा तपासण्यात. उत्तर लांबणार आहे, पण तुमचा तीन दिवसांचा खोळंबा नेमका कशासाठी झाला हे तुम्हाला नीट कळायला हवं असं मला वाटतं.

आधी एक घरगुती गोष्ट. उन्हाळ्यात माठ घ्यायला गेलो की आपण काय करतो? नुसता कान लावून माठ काही सांगत नाही. उजेडात धरून बघितला तर मोठी भेग दिसते, बारीक दिसत नाही. मग बोटाच्या पेराने टकटक करतो आणि हात काढून घेतल्यावर जो आवाज मागे राहतो, तो ऐकतो. कंटेनर तपासण्याचे मार्गही हेच तीन आहेत. तुमच्या कंटेनरला खांबांनी कान लावला, स्कॅनरने उजेडात धरून बघितलं. तिसरा मार्ग, ठोकून ऐकण्याचा, अजून बहुतेक बंदरांवर पोचलेला नाही. पण दडवलेलं युरेनियम खात्रीने ओळखायचं असेल तर शेवटी तिथेच जावं लागतं.

खांबांपासून सुरुवात करू. त्या उंच पेट्यांत प्लास्टिकचे मोठे पत्रे असतात. गॅमा किरण आदळला की त्यात क्षणभर प्रकाशाचा ठिपका उमटतो आणि तो मोजला जातो. शेजारी न्यूट्रॉन पकडणाऱ्या नळ्या असतात. खांब स्वतः काहीच सोडत नाहीत, गाडी जाताना फक्त ऐकतात. अडचण अशी की युरेनियम हा फार अबोल पदार्थ आहे. युरेनियमचे दोन मुख्य प्रकार: युरेनियम-२३५ चं अर्धायुष्य, म्हणजे त्यातले निम्मे अणू विघटन पावायला लागणारा काळ, सुमारे ७० कोटी वर्षं, युरेनियम-२३८ चं जवळजवळ ४४७ कोटी. इतक्या सावकाश विघटन होणारी वस्तू सेकंदाला फार थोडे किरण सोडते. त्यातही युरेनियम-२३५ चा ओळखीचा गॅमा किरण फक्त १८६ केईव्हीचा, म्हणजे दुबळा (केईव्ही आणि त्याच्या हजारपट एमईव्ही ही किरणांची ऊर्जा मोजायची मापं). युरेनियमची घनता शिशापेक्षाही बरीच जास्त, १९ च्या घरात, त्यामुळे गोळ्याच्या पोटातले किरण गोळ्यातच विरतात. बाहेर येतात ते फक्त कातडीजवळचे. प्लुटोनियम त्या मानाने बोलकं असतं. त्यातलं प्लुटोनियम-२४० आपोआप विखंडन पावतं, म्हणजे त्याची केंद्रकं आपणहून फुटतात, आणि न्यूट्रॉन सोडत राहतं, म्हणून न्यूट्रॉनच्या नळ्यांना ते ऐकू येण्याची शक्यता जास्त.

आकाराचाही अंदाज येऊ द्या. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था हिशेब ठेवताना समृद्ध युरेनियममधल्या, म्हणजे २३५ चा वाटा मुद्दाम वाढवलेल्या युरेनियममधल्या, २५ किलो युरेनियम-२३५ ला 'लक्षणीय मात्रा' धरते. प्लुटोनियमसाठी हा आकडा ८ किलो आहे. २५ किलो युरेनियमचं घनफळ जेमतेम सव्वा ते दीड लिटर, आपल्या घरातल्या एका तांब्याएवढं. चाळीस फुटी कंटेनरमध्ये सुमारे ६७ हजार लिटर जागा असते. म्हणजे शोधायचं आहे ते ५० हजारांतला एक भाग, आणि तेही कापडाच्या गठ्ठ्यांमधून, चालत्या गाडीत.

मग खांब कशाने वाजतात? बहुतेक वेळा निरुपद्रवी मालाने. पोटॅश खताने, ग्रॅनाइटने, फरशांनी, मांजरांसाठी परदेशात पाठवतात त्या बेंटोनाइट मातीने. पोटॅशियममध्ये निसर्गतः थोडं पोटॅशियम-४० असतं. एक ग्रॅम पोटॅशियममध्ये सेकंदाला सुमारे ३१ विघटनं होतात. खताचा ट्रक खांबांमधून गेला की आलेख सरळ टेकडीसारखा चढतो. आणि कधी कधी माल गप्प असतो, माणूस वाजतो.

हा प्रसंग मी विसरलेलो नाही. एका बंदरावर आमच्या नव्या यंत्रणेची चाचणी चालली होती. मोहोळकडचा एक ड्रायव्हर रिकामा ट्रेलर घेऊन आला आणि दोन्ही खांब वाजले. पुन्हा फिरवला, पुन्हा वाजले. सुरक्षेच्या माणसांनी त्याला खाली उतरवून बाजूला उभं केलं. भर दुपार, पाणी नाही, सात-आठ जण लांबून बघतायत. त्याला वाटलं, आपल्या गाडीत कुणीतरी काहीतरी ठेवलं. हातात धरायचं मोजणी यंत्र घेऊन मी ट्रेलरभोवती फिरलो, काही नाही. केबिनजवळ गेलो, थोडं. त्याच्याकडे वळलो तसा आकडा भराभर वर गेला. मी विचारलं, 'दादा, दवाखान्यात काही झालंय का इतक्यात?' त्याने गळ्याला हात लावला. आठ-दहा दिवसांपूर्वी थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीनचं औषध घेतलं होतं. आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य आठ दिवसांचं, त्यामुळे गळ्यात अजून पुरेसं शिल्लक होतं. त्याच्यापासून कुणालाही धोका नव्हता, पण ते सांगणारा कागद त्याच्या घरी ट्रंकेत होता. दीड तास तो माणूस उन्हात गुन्हेगारासारखा उभा होता. त्या दिवसापासून प्रत्येक प्रशिक्षणात मी पहिला प्रश्न हाच शिकवतो, आणि माणसाला आधी सावलीत बसवा, पाणी द्या, हेही. तुमच्या ट्रान्सपोर्टवाल्यांना सांगून ठेवा: न्यूक्लिअर मेडिसिनची, म्हणजे अशा किरणोत्सारी औषधांची, तपासणी किंवा उपचार झाले असतील तर रुग्णालयाचं पत्र खिशात असू द्यावं.

अबोल वस्तू कान लावून सापडत नाही, ही जाण फार जुनी आहे. १९४६ साली अमेरिकेच्या सिनेटच्या बंद दाराआडच्या सुनावणीत अणुबॉम्बचे जनक मानले जाणारे रॉबर्ट ओपेनहायमर यांना विचारलं होतं की शहरात कुठेतरी दडवलेला अणुबॉम्ब शोधायला कोणतं उपकरण वापराल. त्यांचं उत्तर होतं, स्क्रू ड्रायव्हर. प्रत्येक खोका उघडून बघा, असा त्याचा अर्थ. त्यानंतर या प्रश्नावर भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग पॅनोफ्स्की आणि रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी एक गोपनीय अहवाल लिहिला, त्याला लोक 'स्क्रू ड्रायव्हर अहवाल' म्हणूनच ओळखतात. हेच पॅनोफ्स्की पुढे स्टॅनफर्डच्या दोन मैल लांबीच्या त्वरक केंद्राचे पहिले संचालक झाले. पुढे २००२ आणि २००३ मध्ये अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीच्या पत्रकारांनी सुमारे पावणेसात किलो क्षीण युरेनियम, म्हणजे बॉम्बसाठी निरुपयोगी पण दिसायला आणि वजनाला तसंच, एकदा इस्तंबूलहून न्यूयॉर्कला आणि दुसऱ्यांदा जकार्ताहून लॉस एंजेलिसला कंटेनरमधून पाठवलं. दोन्ही वेळा ते कुणाच्या लक्षात न येता पोचलं. त्याच काळात त्वरकावरच्या तपासणीच्या संशोधनाला जोर आला.

आता स्कॅनर. तुमचा कंटेनर ज्याखाली गेला ते यंत्र आणि कॅन्सरवर किरणोपचार देणारं लिनॅक हे सख्खे भाऊ आहेत. घरच्या मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये मॅग्नेट्रॉन असतो ना, त्याचाच थोरला अवतार इथे असतो. काही मायक्रोसेकंदांच्या झटक्यांत तो मेगावॉटच्या घरातली शक्ती देतो, साधारण ३ हजार मेगाहर्ट्झच्या लहरीने. ही लहर तांब्याच्या पोकळ्यांच्या माळेत सोडतात, आणि इलेक्ट्रॉन त्या लहरीवर स्वार होऊन ६ किंवा ९ एमईव्ही ऊर्जेपर्यंत पोचतात. त्यांचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या ९९ टक्क्यांहून जास्त. असे इलेक्ट्रॉन टंगस्टनच्या पत्र्यावर आदळले की एक्स-रे निघतात. दवाखान्यातला छातीचा एक्स-रे यापुढे फारच मवाळ. उभ्या फटीतून पंख्यासारखा निघालेला हा झोत कंटेनर आरपार जातो आणि पलीकडच्या कमानीतले शोधक एकेक उभी रेघ टिपतात. गाडी पुढे सरकते तशी रेघेला रेघ लागून चित्र तयार होतं, हातमागावर चादर विणली जाते तसं.

ही यंत्रं उन्हाला फार हळवी असतात. तांबं एका अंशाने तापलं तरी पोकळ्यांचा सूर सुमारे ५० किलोहर्ट्झने सरकतो आणि किरणांची मात्रा पडते. आपल्याकडच्या मे महिन्यासारख्या उन्हात यंत्र चालवायचं तर थंड पाण्याचा चिलर हाच खरा जीव. मी सकाळी पोचलो की आधी पाण्याचं तापमान बघायचो, मग बाकी सगळं. दुसरं काम बाणाचं. पोलादाच्या जाड थप्पीमागे बाणाच्या आकाराचा पोलादी ठोकळा ठेवायचा आणि पडद्यावर बाण कोणत्या बाजूला रोखलाय ते सांगायचं. थप्पी वाढवत जायची. चांगलं यंत्र ३० ते ४० सेंटीमीटर पोलादाच्या मागचा बाण ओळखू देतं. पडद्यावर ते इतकं अंधुक असतं की डोळे बारीक करून बघावं लागतं, आणि दोन ऑपरेटरांचं एकमत झाल्याशिवाय मी नोंद करत नसे.

एका ऊर्जेच्या चित्रात कळतं ते एवढंच की इथे किती किरण अडले. जाड लाकूड आणि पातळ लोखंड दोन्ही सारखेच करडे दिसू शकतात. म्हणून ६ आणि ९ एमईव्हीचे झटके आळीपाळीने देतात. जास्त ऊर्जेच्या किरणातून इलेक्ट्रॉन आणि त्याचा धनभारित जोडीदार पॉझिट्रॉन यांची जोडी जन्मू शकते, आणि ही घटना अणुक्रमांकाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. कार्बनचा अणुक्रमांक ६, लोखंडाचा २६, युरेनियमचा ९२. त्यामुळे दोन चित्रांचं गुणोत्तर घेतलं की पदार्थाचा गट कळतो आणि पडद्यावर रंग भरले जातात. कापूस, लाकूड, अन्न हे साधारण केशरी, लोखंड निळं, शिशासारखे जड पदार्थ जांभळे.

टॉवेलचा कंटेनर या पडद्यावर फार शांत दिसतो. सगळीकडे एकसारखा फिका केशरी, मधे गठ्ठ्यांच्या सांध्यांच्या रेषा, खाली लाकडी पॅलेटच्या फळ्या आणि त्यातले खिळे टाचणीसारखे. तुमच्या कंटेनरमध्ये दाराजवळ निळ्या नळ्यांचा गुंता दिसला असणार, स्टँड घडी घालून एकावर एक रचलेले. पॅकिंग लिस्टवर नुसतं 'कॉटन टेरी टॉवेल' असेल आणि पडद्यावर लोखंड असेल, तर माझ्यासमोर बसलेल्या ऑपरेटरलाही मी उघडायलाच सांगितलं असतं. त्यात तुमच्यावर संशय नाही. कागद आणि चित्र जुळत नाही, एवढंच त्या खुर्चीतून दिसतं, आणि नळ्यांच्या गुंत्याआड काय आहे ते चित्रात कळत नाही.

मात्र रंगालाही मर्यादा आहे. जांभळा म्हणजे 'जड', 'युरेनियम' नव्हे. तो शिशाचा ठोकळा असेल, टंगस्टनची हत्यारं असतील. आपल्याकडे कारखान्यांत वेल्डिंगचे आरपार फोटो काढायला किरणोत्सारी इरिडियमचा कॅमेरा आणतात. त्यातल्या अनेक कॅमेऱ्यांचं कवचच क्षीण युरेनियमचं असतं, आणि ते पूर्ण कायदेशीर असतं. जड आहे एवढं कळलं, आता ते कोण आहे हे विचारायचं तर ठोकायलाच हवं.

इथून पुढचा भाग माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा.

पुरेशा ऊर्जेचा गॅमा किरण युरेनियमच्या केंद्रकावर आदळला तर केंद्रक फुटतं. याला प्रकाशविखंडन म्हणतात. त्यासाठी साधारण ६ एमईव्हीच्या आसपासची ऊर्जा लागते, त्यामुळे ६ च्या यंत्राने जवळजवळ काही होत नाही आणि ९ च्या यंत्राने होऊ लागतं. फुटताना लगेच काही न्यूट्रॉन उडतात, पण त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही. शिशातूनही साधारण साडेसात एमईव्हीच्या पुढे न्यूट्रॉन सुटतात, आणि झोत चालू असताना शोधक तसाही दिपून गेलेला असतो, ढोल वाजत असताना कुजबुज ऐकावी तसं. खरी गंमत झोत थांबल्यावर आहे. फुटलेल्या केंद्रकाचे तुकडे स्वतः अस्थिर असतात. ते पुढची काही सेकंदं, काही मिनिटं, मागाहून न्यूट्रॉन आणि गॅमा किरण सोडत राहतात. शिसं फुटत नाही, लोखंड फुटत नाही, कापूस तर नाहीच. या ऊर्जेच्या ठोक्यानंतर मागे असा नाद उरतो तो फक्त युरेनियम, प्लुटोनियम, थोरियम यांसारख्या विखंडन होणाऱ्या पदार्थांचा.

हा मागचा नाद क्षीण असतो. शंभर विखंडनांमागे विलंबित न्यूट्रॉन जेमतेम एक ते तीन. त्यांचे प्रमुख सहा गट धरतात. सर्वांत रेंगाळणारा गट ५५ सेकंदांच्या अर्धायुष्याचा, ब्रोमीन-८७ मुळे येणारा. सर्वांत घाईचा सेकंदाच्या पाचव्या हिश्शाचा. विलंबित न्यूट्रॉन १९३९ सालीच सापडले होते आणि अणुभट्टी ताब्यात राहते ती त्यांच्या जोरावर. तेच इथे चोर पकडायला उपयोगी पडतात. विलंबित गॅमा किरणांचं आणखी एक बरं असतं. निसर्गातल्या किरणोत्सारी पदार्थांच्या ओळखीच्या गॅमा किरणांची मजल २.६१ एमईव्हीला संपते. तो थोरियमच्या साखळीतल्या थॅलियम-२०८ चा. त्याच्या वर जवळजवळ शांतता, अंतराळातून येणाऱ्या किरणांपुरती गडबड सोडली तर. विखंडनाचे तुकडे मात्र ३ एमईव्हीच्या वरचेही किरण सोडतात, आणि ते विलंबित न्यूट्रॉनांच्या जवळपास दहापट भरतात. म्हणून शोधकाला सांगायचं: झोत थांबू दे, मग ३ च्या वर जे येईल तेच मोज, आणि ते सेकंदागणिक कसं उतरत जातं ते बघ. त्या उताराला विखंडनाची स्वतःची चाल असते. खतात, फरशीत, आयोडीन घेतलेल्या ड्रायव्हरमध्ये ती नसते.

कापसाचा इथे खास संबंध येतो. कापूस म्हणजे सेल्युलोज, त्यात वजनाने सुमारे सहा टक्के हायड्रोजन. हायड्रोजन आणि न्यूट्रॉन जवळपास सारख्या वजनाचे, त्यामुळे गोटीवर गोटी आदळावी तसा न्यूट्रॉनचा वेग झपाट्याने पडतो. विलंबित न्यूट्रॉन आधीच मंद, ते टॉवेलच्या गठ्ठ्यांत हरवतात. उलट ३ एमईव्हीचा गॅमा किरण कापडातून बऱ्यापैकी बाहेर येतो. लोखंडाच्या मालात नेमकं उलटं. म्हणून या क्षेत्रात काम करणारे दोन्ही आवाज एकत्र ऐकण्याचा आग्रह धरतात, आणि मलाही तोच आग्रह योग्य वाटतो.

ठोकायला गॅमाऐवजी न्यूट्रॉनही वापरता येतात. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने असा एक आराखडा केला, त्याला त्यांनी नाव दिलं 'न्यूक्लिअर कार वॉश'. गाडी धुवायच्या बोगद्यातून जावी तसा कंटेनर जाणार. त्यात त्यांनी न्यूट्रॉनची ऊर्जा ७ एमईव्हीच्या आसपास ठेवली, कारण १० च्या वर गेलं की मालातल्या ऑक्सिजनचं नायट्रोजन-१६ होतं, आणि ते ७ सेकंदांच्या अर्धायुष्याने ६ एमईव्हीचे गॅमा किरण सोडत बसतं. म्हणजे आपण जिथे शांतता राखली तिथेच गोंगाट. बारीकसा निर्णय वाटतो, पण सगळी पद्धत त्यावर उभी आहे.

विखंडनाच्या नादातून एक गोष्ट मात्र नीट कळत नाही: हे क्षीण युरेनियम की बॉम्बजोगं? दोन्ही फुटतात. त्याचं उत्तर अनुनादात आहे. तंबोऱ्याची एक तार छेडली की त्याच सुरातली दुसरी आपोआप थरथरते. तसं प्रत्येक केंद्रक ठरावीक ऊर्जेचा गॅमा किरणच गिळतं आणि परत सोडतं. युरेनियम-२३५ साठी १७३३ केईव्ही, युरेनियम-२३८ साठी २१७६, प्लुटोनियम-२३९ साठी २१४३. या ओळखीत गफलत होत नाही. एमआयटीच्या विल्यम बर्टोझी यांनी मालतपासणीसाठी ही कल्पना पुढे नेली. अडचण अशी की हा सूर जेमतेम एका इलेक्ट्रॉन-व्होल्टएवढा अरुंद, आणि साध्या त्वरकाचे एक्स-रे लाखो इलेक्ट्रॉन-व्होल्टांवर पसरलेले. बहुतेक किरण फुकट जातात, कंटेनरला मात्र त्यांची मात्रा बसते. म्हणून वेगवान इलेक्ट्रॉनांवर लेसर आदळवून एकाच सुराचे गॅमा किरण काढायचे प्रयत्न प्रयोगशाळांत चालू आहेत. ते यंत्र गोदामाएवढं न राहता ट्रकवर मावेल त्या दिवशी माझ्या मते हा प्रश्न बराचसा सुटेल.

आकाशातून फुकट मिळणारे म्युऑन, म्हणजे अंतराळातल्या किरणांमुळे हवेत तयार होणारे कण, वापरूनही तपासणी होते. तळहाताएवढ्या जागेतून मिनिटाला शंभरेक म्युऑन जातच असतात, आणि जड धातूत ते जास्त वाकतात. मात्रा शून्य, पण वेळ जास्त. लॉस अलामोसच्या लोकांनी २००३ मध्ये हे दाखवलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं माहीत आहे तर प्रत्येक कंटेनर असा का ठोकत नाहीत? हिशेब करून बघा. समजा एका बंदरातून दिवसाला ५ हजार कंटेनर जातात आणि यंत्र शंभरात फक्त दोन वेळा खोटं वाजतं. रोज शंभर खोटे इशारे. प्रत्येकाची उलगड करायला तीन तास, म्हणजे ३०० तासांचं काम. दहा जागी एकाच वेळी तपासलं तरी प्रत्येक जागेवर रोज ३० तासांचं काम येतं, दिवस मात्र २४ तासांचा. रांग कधीच संपणार नाही. खोटा इशारा हजारात एकावर आणला तर रोज पाचच, मग जमतं. म्हणून आमच्या कामात 'किती बारीक सापडतं' याइतकंच 'किती वेळा उगाच वाजतं' हे मोलाचं. अमेरिकेने २००७ मध्ये कायदा केला की तिकडे येणारा प्रत्येक कंटेनर मूळ बंदरातच स्कॅन व्हावा, मुदत २०१२. ती मुदत पुन्हा पुन्हा वाढवावी लागली. दुसरीकडे, जॉर्जिया या देशात २००६ मध्ये सुमारे ८० ग्रॅम आणि २०१० मध्ये १८ ग्रॅम समृद्ध युरेनियम पकडलं गेलं ते पोलिसांनी बनावट गिऱ्हाईक उभं करून. यंत्रावर माझं आयुष्य गेलं, तरी मी सांगतो की माहिती काढणारा माणूस, नीट वाचलेला कागद आणि त्वरक, या तिघांना एकमेकांपासून तोडलं की तिन्ही दुबळे होतात.

आणि हे सगळं फक्त बॉम्बसाठी आहे असंही समजू नका. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० असलेलं जुनं संशोधन उपकरण लिलावातून भंगारात आलं आणि कामगारांनी ते तोडलं. कितीतरी जण किरणांनी भाजले, एकाचा जीव गेला. त्या लोकांना आपण काय हातात धरलंय हे कुणी सांगितलंच नव्हतं. कोबाल्ट बोलका असतो, साध्या खांबांनाही तो सहज ऐकू येतो. बंदरावर खांब वाजून कुणाचा खोळंबा होतो तेव्हा मला ते कामगार आठवतात.

तुमच्या मालाचं म्हणाल तर निश्चिंत राहा. ९ एमईव्हीच्या एक्स-रेने टॉवेल किरणोत्सारी होत नाही. कार्बनच्या केंद्रकातून न्यूट्रॉन काढायला १८ एमईव्हीहून जास्त लागतात, ऑक्सिजनला १५ हून जास्त. रंग उडत नाही, सूत कमजोर होत नाही. तुमच्या ओळखीत कुणी डाळिंब निर्यात करत असेल तर त्यांनाही सांगा: तपासणीसाठी अन्नाला जास्तीत जास्त ०.५ ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप) मात्रेची आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे, आणि अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला कीड मारायला मुद्दाम ४०० ग्रे देतात.

पुढच्या वेळी इतकंच करा. स्टँड असतील तर पॅकिंग लिस्टवर वेगळ्या ओळीत लिहा, नग आणि वजनासह. धातूचं सामान दाराजवळ एका थरात ठेवा, टॉवेलच्या मधे कोंबू नका. एकावर एक रचून जाड ढीग करू नका, चित्र जेवढं मोकळं तेवढा ऑपरेटर लवकर पुढे जातो. कारखान्यातच भरून ई-सील लावत असाल तर भरतानाचे फोटो एजंटकडे आधीच देऊन ठेवा. कंटेनर उघडला तर नव्या सीलचा नंबर लगेच मागून घ्या आणि ग्राहकाला कळवा.

मुलीबद्दल. तिने जरूर यावं. एमएस्सी फिजिक्सनंतर भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा आहे, त्यातून रुग्णालय आणि किरणसुरक्षा दोन्ही वाटा उघडतात. त्वरकच बनवायचे असतील तर इंदूरचं राजा रामण्णा केंद्र आणि मुंबईची समीर ही संस्था आहे. समीरमध्ये कॅन्सरसाठीचे देशी लिनॅक घडले. पण त्याआधी तिला एक प्रयोग करू द्या. कॉलेजच्या प्रयोगशाळेत किरण मोजणारा गायगर काउंटर असेल. मार्केट यार्डातून एक किलो युरिया आणि एक किलो म्युरिएट ऑफ पोटॅश आणा, दोन सारख्या पातळ पिशव्यांत भरा. आधी रिकाम्या टेबलावर दहा मिनिटं मोजणी, मग युरिया काउंटरखाली ठेवून दहा मिनिटं, मग पोटॅश दहा मिनिटं. त्या पोटॅशच्या पिशवीत सेकंदाला सुमारे १५ हजार विघटनं होत असतात, पण काउंटर त्यातली थोडीच पकडेल. का थोडी, पिशवी उभी धरली तर किती, मधे टॉवेलची एक घडी ठेवली तर किती आणि दहा घड्या ठेवल्या तर किती, हे तिने वहीत लिहून काढावं. ते आकडे मला पाठवले तर पुढे काय करायचं ते मी तिला सांगेन.